आजीने पाहिलेल्या विठाबाई

आमच्या भागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात, विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट आहे आणि ती प्रत्येक गावाला आपलीच वाटते. दिवस भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली, लुगडं आवळून नेसलं आणि पुन्हा ढोलकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. पोट दिसेना, तेव्हा समोरच्या लोकांच्या ध्यानात आलं. माणसं उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, बाई, आता पुरे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ही गोष्ट सांगायचे तेव्हा ती ओढ्यापलीकडच्या शेजारच्या गावात घडलेली असायची. मामाच्या गावी तीच गोष्ट त्यांच्या देवळामागच्या मैदानात घडायची. कुणाच्या सांगण्यात थंडीची रात्र असायची, कुणाच्या सांगण्यात ऐन चैत्रातली. मला यात काही खोटेपणा वाटत नाही. बाळंतपणाची ही हकिकत विठाबाईंच्या घरच्यांनी आणि फडातल्या माणसांनीही सांगितलेली आहे. पण एखाद्या बाईचं दुःख इतक्या गावांना आपल्या शिवारात हवं असावं, याचा अर्थ तिने या गावांना आयुष्यभर काहीतरी मोठं दिलं होतं. ते काय दिलं, हे मात्र या गोष्टीत येत नाही. गोष्ट बाळंतपणापाशी सुरू होते आणि बाळंतपणापाशीच संपते.

आजी ही गोष्ट ऐकताना मध्येच कामाला उठायची. एकदा मात्र ती बसून राहिली आणि आबांना म्हणाली, "दगडानं नाळ ठेचली, हे समदी सांगत्यात. तिला बाजंवर कुणी निजवलं न्हाई, हे कोण सांगत न्हाई." आबा गप्प झाले. आजीची स्वतःची बाळंतपणं खळ्याच्या आणि खुरपणीच्या दिवसांत झाली होती. तिला त्या गोष्टीत अचंबा वाटत नव्हता, तिला त्यातली घाई ओळखीची होती.

मला विठाबाई कळायला लागल्या त्या आजीच्या या एका वाक्यापासून.

आता ती घाई कशाची, ते सांगते. चैत्र लागला की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मीना नदीकाठचं हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी. राहुटीबाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक, त्यावर नायिकांचे आणि सोंगाड्याचे फोटो. आत सतरंजी, एखादं टेबल, देवाची तसबीर आणि व्यवस्थापकाच्या मांडीवर तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, चहा होतो, भाव होतो. गावच्या जत्रेची तीथ ठरलेली असते, ती हलत नाही. त्यातही चैत्रातली कालाष्टमी म्हणजे सगळ्यात महाग रात्र, कारण भैरवनाथाच्या कितीतरी जत्रा तेव्हाच असतात आणि प्रत्येक गावाला नावाजलेला फड त्याच रात्री हवा असतो. सुपारी ठरली की विसार दिला जातो, कागद होतो, आणि त्या कागदावर फडाचं वर्ष उभं राहतं.

कारण पैसा आधीच खर्च झालेला असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्धपौर्णिमेच्या आसपास परत येतो. मधले पावसाळ्याचे महिने रिकामे. त्या महिन्यांत नाचणाऱ्या, वाजवणारे, गडी, स्वयंपाकी, ड्रायव्हर या सगळ्यांना फडमालक उचल देतो आणि ती द्यायला तो स्वतः व्याजाने पैसे काढतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. अवकाळी पाऊस आला, जत्रेत मारामारी झाली, गावात कुणी मोठा माणूस गेला, की ती रात्र बुडाली आणि व्याज चालूच. अशा हिशेबात दिवस भरलेली नायिका जर फडाचं नावच असेल, तर तिने घरी बसायचं कसं? लोक तिच्या नावावर आलेले असतात. त्या रात्री कनातीमागे जे घडलं त्यात कलेवरची निष्ठा होतीच, पण त्याबरोबर विसाराचा कागदही होता. आपण निष्ठेचं कौतुक करतो आणि कागदाकडे बघत नाही. बाळंत होऊन पुन्हा नाचायला उभी राहिलेली बाई थोर आहेच. पण तिला उभं राहावं लागलं, याची जबाबदारी त्या गावावरही येते, तिथे बसलेल्या माझ्या आबांच्या वयाच्या प्रत्येक माणसावरही येते, असं मला वाटतं.

आबा आमच्या गावच्या जत्रेचे पंच होते. सुपारी आणायला नारायणगावला जाणाऱ्यांत ते असायचेच. धुतलेलं धोतर, कडक टोपी, आणि वर्गणीतून निघालेले विसाराचे पैसे कोपरीच्या आतल्या खिशात. त्यांना फडांची नावं तोंडपाठ होती. फलकावर लिहिलेलं असायचं, 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. जात नावातच होती, ठळक अक्षरांत. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे, त्यांनी फड उभा केला. मुलगे भाऊ आणि बापू यांनी तो वाढवला, आणि 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे नाव महाराष्ट्रभर गाजलं. त्यांच्या घरात १९३५च्या जुलैत विठा जन्मली, तीही फिरतीवर, पंढरपुरात. पंढरपूरची म्हणून विठा, असं जुनी माणसं सांगतात.

शाळेत तिचा जीव रमला नाही. गण, गवळण, लावणी, भेदिक, हे सगळं ती अंथरुणातून ऐकत मोठी झाली. तिला कुणी गंडा बांधला नाही की ताल मोजून शिकवला नाही. फड हाच तिचा गुरू. माझ्या ओळखीचे एक म्हातारे ढोलकीवाले आहेत. तरुणपणी ते वेगवेगळ्या फडांतून हंगाम करायचे. त्यांना मी विचारलं, विठाबाईंमध्ये असं काय होतं? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी गुडघ्यावर बोटांनी एक तोडा वाजवला आणि मग म्हणाले, "दुसऱ्या बाया ढोलकी ऐकून पाय टाकायच्या. तिचा पाय बघून आम्ही हात टाकायचो."

मी म्हटलं, काका, म्हणजे नेमकं कसं?

"आता बघ. लावणीचं कडवं संपत आलं, की ढोलकीवाल्याला उठाव घ्यायचा असतो. तो कधी घ्यायचा, हे बाई आधी अंगातनं सांगायची. खांदा असा थोडा मागं गेला, की समजायचं आता येणार. आणि कधी कधी मुद्दाम यायची नाही. आम्ही हात वर धरून थांबायचो. समोरची माणसं पण थांबायची. आन् मग एकदम सम." असं म्हणताना त्यांनी गुडघ्यावर एकच थाप मारली, आणि त्यांच्या घरातली नातवंडं टीव्ही सोडून बघायला लागली.

गाण्याचंही तसंच. भोंगा बंद पडला, इंजिनातलं रॉकेल संपलं, तरी गाणं थांबायचं नाही, असं ते म्हणाले. मागे झीलकरी, तुणतुणं, हलगी, कडं, आणि पुढे तिचा मोकळा, चढा आवाज. ढोलकीच्या फडाची लावणी बैठकीच्या लावणीपेक्षा वेगळी. बैठकीत समोर मोजकी माणसं, बसून अदा, एकेका शब्दावर रेंगाळायला वेळ. फडात समोर अंधारात पसरलेलं गाव, त्यात शेवटच्या रांगेत झाडावर बसलेली पोरं. त्या पोरांपर्यंत शब्द पोचवायचा आणि तरीही त्यातला नखरा ढळू द्यायचा नाही, हे विठाबाईंना साधलं होतं. आणि लावणी हा रात्रीतला एक तुकडा. आधी गण, मग गवळण, त्यात मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वगात तीच बाई राणी व्हायची, आई व्हायची, रडायची, रडवायची. पहाटेपर्यंत. काकांच्या मते विठाबाईंचं खरं मोठेपण वगात होतं, लावणीत नव्हे. मी त्यांचं मत प्रमाण मानते, कारण त्यांनी ते ढोलकीच्या जागेवरून पाहिलं आहे.

तमाशात बाई येणं हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. आधी नाच्या पोऱ्या असायचा. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी राहिली, तेव्हा गावंच्या गावं लोटली. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, पवळा महार समाजातली, संगमनेरजवळच्या हिवरगावची. त्या जोडीची हकिकत आबांच्या पिढीने त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली. विठाबाई त्या परंपरेत पुढे आल्या, पण एक मोठा फरक होता. पवळा बापूरावांच्या फडातली पवळा होती. विठाबाई पुढे स्वतःच्या नावाने फड चालवू लागल्या. म्हणजे रात्री नाचायचं आणि दिवसा हिशेब करायचा, भांडणं मिटवायची, सावकाराला तोंड द्यायचं, दारू पिऊन पडलेल्या माणसाच्या जागी ऐनवेळी दुसरा उभा करायचा. आबा सांगायचे की बाई राहुटीत समोर असल्या, तर पंच मंडळी बोलताना शब्द सांभाळायची.

विठाबाई कळत्या वयात येत होत्या तेव्हा तमाशावर सरकारची बंदीही येऊन गेली. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशा थांबवला गेला. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा सुरू झाले. ज्यांचं पोट रोजच्या रात्रीवर होतं, त्यांनी तो काळ कसा काढला असेल, याची मला कल्पनाच करवत नाही. मग १९५९ साली 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट आला, पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून जास्त चालला. पडद्यावरचा तमाशा मध्यमवर्गाने डोक्यावर घेतला. ज्या बायकांच्या जगण्यातून ते चित्रपट उभे राहिले, त्यांना त्याच घरांच्या दिवाणखान्यात बसायला जागा मिळाली नाही.

आता आजीकडे येते.

आजी लग्न होऊन आली तेव्हा घरंदाज बायकांनी रात्रीच्या तमाशाला जायची पद्धत नव्हती. धाब्यावर झोपायचं निमित्त करून लांबून ऐकायचं, एवढंच. पण सकाळची हजेरी बायकांना बघता यायची. आमच्याकडे जत्रेच्या रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे हजेरी, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असा क्रम. रात्रभर नाचलेला फड तासाभराची झोप काढून देवळापुढे येतो आणि उन्हात पुन्हा गातो. आजीने विठाबाईंना तिथे पाहिलं.

"रातची रंगरंगोटी पुरती उतरलेली नव्हती," आजी सांगायची. "कानामागं पावडर तशीच. डोळं लाल. चाळ बांधायला तिनं लुगडं जरा वर घेतलं, तर घोट्यावर पट्ट्यांचं काळं वळ. बैलाच्या खांद्याला जू घासून घट्टा पडतो ना, तसा. मी तिच्या तोंडाकडं कमी आन् पायाकडंच जास्त बघितलं."

मग गाणं. आजीला गाण्याचे शब्द आठवायचे नाहीत, पण तिला हे आठवायचं की विठाबाईंनी आधी देवळाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. पायरीच्या वर त्या गेल्या नाहीत. गाणं झाल्यावर त्यांना तहान लागली. आजी पाणी घेऊन गेली. विठाबाईंनी ओंजळ धरली आणि आजीने वरून पाणी ओतलं.

हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. "तिच्या गाण्यावर आख्खं गाव डुलत होतं. आन् तिला पाणी वरनं वाढलं. माझ्याच हातानं. तिनं वर बघितलंसुद्धा न्हाई, तिला सवय होती."

माझ्या मते विठाबाईंच्या चरित्रातला हा प्रसंग त्या बाळंतपणाइतकाच महत्त्वाचा आहे. तो आमच्या एका गावात घडला म्हणून नव्हे, तो शेकडो गावांत घडला म्हणून. फडाच्या फलकावर जात ठळक लिहिलेली असायची आणि फड उतरायचा तोही बहुतेक वेळा गावाच्या कडेला. ज्या माणसांनी या मातीतला सगळ्यात भरगच्च रंगाविष्कार शेकडो वर्षं जिवंत ठेवला, त्या मांग, महार, कोल्हाटी घरांना गावाने टाळ्या दिल्या, दौलतजादा दिली, आणि भांडं दिलं नाही. विठाबाई त्या ओंजळीतून पाणी पिऊन पुढच्या गावाला गेल्या आणि तिथेही तशाच गायल्या.

मानसन्मान झाले. १९५७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राष्ट्रपतींकडून गौरव झाला. १९९० साली पुन्हा. या दोन तारखांच्या मधली तेहेतीस वर्षं म्हणजे बैलगाड्यांपासून ट्रकपर्यंतचा, गॅसबत्तीपासून जनरेटरपर्यंतचा प्रवास. बाहत्तरचा दुष्काळ याच वर्षांत पडला. गावांकडे खायला नव्हतं, तेव्हा जत्रेची वर्गणी कुठून निघणार? सिनेमाची गाणी फडात शिरली, व्हिडिओ आला. तमाशा टिकवायचा तर प्रेक्षकाला हवं ते द्यायला हवं आणि ते देताना गणगवळण मरता कामा नये, या ओढाताणीत सगळेच फडमालक होते. मुलगी मंगला बनसोडे आईच्याच फडात तयार झाली आणि पुढे तिने स्वतःचा फड काढला. त्यावर आबांच्या मित्रमंडळींत तट पडले होते, मायलेकींत कोण वरचढ यावरून पारावर रात्री जागायच्या. मंगलाताईंचा फडही महाराष्ट्रातल्या मोठ्या फडांत गणला गेला. म्हणजे नारायण खुड्यांपासून मोजलं, तर हे घर पिढ्यान् पिढ्या बोर्डावर उभं आहे. असं घर एखाद्या गायकीच्या घराण्यात असतं, तर त्यावर किती पुस्तकं निघाली असती. विठाबाईंवर योगीराज बागुलांनी 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' लिहिलं, हे त्यांचे उपकार आहेत. पण एका पुस्तकाने हे काम संपत नाही.

शेवटची वर्षं हलाखीची गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. दोनदा राष्ट्रपतींकडून गौरवलेल्या या कलावतीचं दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. त्यानंतर चार वर्षांनी, २००६ साली, महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना दिला जातो. कांताबाई सातारकरांना तो मिळाला, आणि आईच्या नावाचा हा पुरस्कार पुढे मंगलाताईंनाही मिळाला. चांगलंच झालं. पण ज्या राज्याला पुरस्कार सुचला, त्याला औषधपाणी चार वर्षं आधी सुचायला हवं होतं, हे मी लिहिल्यावाचून राहू शकत नाही. आणि आजही फडातल्या वयस्क बायका हंगाम संपल्यावर कशा राहतात, हे नारायणगावात जाऊन कुणीही पाहावं. करोनाच्या काळात दोन हंगाम राहुट्या पडल्या नाहीत, तेव्हा उचल घेतलेली ती माणसं आणि उचल दिलेले मालक दोघंही बुडाले.

आबा गेले, आजीही गेली. आजीने सांगितलेलं मी वेळेवर वहीत उतरवलं, आबांचं बरंचसं राहिलं. त्यांनी कोणकोणते वग पाहिले, कोणत्या साली कोणता फड आणला, सुपारी किती रुपयांची ठरली, सोंगाड्या कोण होता, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. विठाबाईंना बोर्डावर पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या डोक्यात जे आहे ते ध्वनिफितीत नाही, कारण रात्रभराचा फड कोणी मुद्रित करून ठेवत नव्हतं.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात, तुमच्या आळीत असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा. बाळंतपणाची गोष्ट ते सांगतीलच, ती ऐका. पण मग विचारा, वग कोणता होता, बाई कोणत्या भूमिकेत होत्या, ढोलकीला कोण होतं, फड उतरला कुठे, आणि पाणी कुणी कसं दिलं. गावाचं नाव आणि साल घालून लिहून ठेवा. येत्या चैत्रात जत्रेच्या मीटिंगला बसाल, तेव्हा वर्गणीतला थोडा वाटा फडातल्या निवृत्त कलावंतांसाठी बाजूला काढायचा ठराव मांडा.